घरच्या घरी हार्ड सायडर: कुणी केलंय का?

यवतेश्वरचा वारा | १४ ऑक्टोबर, रात्री १०.१२

राम राम मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या मामांचा फळांचा ठोक धंदा आहे. परवा त्यांच्याकडं हिमाचलच्या सफरचंदांच्या मालातल्या दोन पेट्या डागी निघाल्या आणि "पोराला होतील" म्हणून त्या थेट आमच्या जिन्याखाली येऊन बसल्या. निवडून-टिपून तीसेक किलो माल धड आहे. मुरंबा झाला, शिऱ्यात घालून झाला, शेजारी वाटून झाला. आता बेल वाजवली की शेजारी दार उघडत नाहीत. पोरगं फोडी दिसल्या की डबा तसाच परत आणतं.

मागं गोव्यात हार्ड सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य, प्यायलो होतो. बिअरपेक्षा हलकं, आंबटगोड, नाकात झिणझिण्या. तेव्हापासून डोक्यात किडा आहे. साताऱ्याच्या हवेत हे घरी जमतं का? यीस्ट पावाचं चालतं का? आणि रस काढायला मिक्सर सोडून आमच्याकडं काही नाही, तेवढ्यावर भागेल का?

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. यूट्यूब माझ्याकडंही आहे.

शेंगचटणी | रात्री १०.१५

पहिला! चकणा माझ्याकडं लागला.

काळा कोट | रात्री १०.५०

रंगाचा बेरंग करतोय, पण कुणीतरी करायलाच हवा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अजून जिवंत आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. कलम ६५ काढून वाचा. 'घरच्यापुरतं', 'विकायचं नाही', 'फळाचंच तर आहे' असल्या पळवाटा त्यात नाहीत.

लोकांचा नेहमी एक घोळ होतो. परमिट रूमात काढून देतात तो पिण्याचा परवाना. तो खिशात असला म्हणून बनवायचा हक्क मिळत नाही.

यवतेश्वरचा वारा | रात्री ११.०५

अहो वकीलसाहेब, मग द्राक्षासव, कुमारीआसव? तेही आंबवलेलंच की. औषधाच्या दुकानात उघड मिळतं.

काळा कोट | रात्री ११.२०

मिळतं, कारण बनवणाऱ्याकडे औषध उत्पादनाचा परवाना असतो. तुमच्या जिन्याखाली आहे का?

माणदेशी गडी | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

आमच्या गावात बायांनी मतदान करून बाटली आडवी केलीय. सायडरची बाटली मुळातच आडवी ठेवली तर चालतंय का, तेवढं वकीलसाहेबांनी सांगावं.

मिरजकर (सध्या हियरफर्ड) | १५ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

वकीलसाहेबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, त्यात मी काही घालत नाही. मी मूळचा मिरजेचा, नऊ वर्षं इंग्लंडात. घरी पिण्यापुरतं सायडर करायला इथं परवाना लागत नाही, विकायचं झालं की नियम सुरू. तेव्हा मी सांगतो ते माझ्या इथल्या गॅरेजमधलं, असं समजून वाचा.

आधी नावाचा गोंधळ. इंग्लंडात सायडर म्हणजे मद्यच. अमेरिकेत न गाळलेल्या गढूळ रसालाही सायडर म्हणतात, म्हणून मद्य असेल तर त्याला 'हार्ड' जोडावं लागतं. इथल्या पबमध्ये जाऊन 'हार्ड' म्हणालात तर माणूस तुमच्याकडं बघत राहील.

दुसरं, सफरचंद. खायचं वेगळं आणि सायडरचं वेगळं, हे मला इथं आल्यावर कळलं. आमच्या मागच्या बागेत किंग्स्टन ब्लॅक आणि डॅबिनेट जातीची झाडं आहेत. पहिल्या वर्षी हौसेनं एक तोडून चावलं आणि कच्च्या केळ्याचा चीक जिभेला लागल्यासारखं तोंड आवळून आलं. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन, आणि सायडरला अंग येतं ते त्यानं. आपल्याकडं येणारं डेलिशस जातीचं सफरचंद गोड, आंबटपणा बेताचा, तुरटपणा जवळजवळ नाहीच. त्याचं सायडर होतं, पण पचपचीत होतं. इथलेही काही लोक बाजारातल्या साध्या सफरचंदाचं करतात तेव्हा चार-पाच लिटरला एक कप कडक कोरा चहा आणि थोडं लिंबू घालतात. हसू नका, फरक पडतो.

डागी मालाबद्दल. आपटून तपकिरी झालेला भाग चालतो. सडलेला, बुरशीचा अजिबात नाही. निळसर बुरशी धरलेल्या सफरचंदात पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते फक्त दिसणाऱ्या डागापुरतं थांबत नाही. असलं फळ सरळ गाईला... गाईलाही नको, खड्ड्यात टाका.

मिक्सरनं भागतं, पण बिया काढून. फोडी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग वितळू दिल्या तर पेशी फुटतात आणि रस जास्त सुटतो. मग पंचात घालून चक्का पिळतो तसं पिळायचं. प्रेसवर दहा किलोला सहा लिटर निघतो, हातानं चार-साडेचार निघाला तरी पुष्कळ.

यीस्ट शँपेनचं किंवा वाइनचं वापरतात. पावाचं चालतं, नाही असं नाही, पण तळाला नीट बसत नाही आणि वासात बेकरी राहते. हवा आत जाऊ द्यायची नाही आणि वायू बाहेर पडू द्यायचा, सगळी गोम एवढीच. इथं त्याला प्लॅस्टिकचा एअरलॉक मिळतो. माझ्या पहिल्या वर्षी नव्हता तेव्हा सलाईनच्या नळीचं एक टोक बुचात आणि दुसरं पाण्याच्या ग्लासात बुडवलं होतं. आठवडाभर गॅरेजमध्ये बुडबुड, बुडबुड. बायको म्हणाली, हुक्का लावलाय का.

पंधरा ते वीस अंश तापमान मिळालं तर दोन-तीन आठवड्यांत काम उरकतं. मग वरची निवळ नळीनं दुसऱ्या भांड्यात ओढून घ्यायची, गाळ मागं ठेवायचा आणि महिना-दोन महिने विसरून जायचं. नवशिक्यांचा एक भ्रमनिरास ठरलेला: हे गोड राहत नाही. यीस्ट साखर खाऊनच दारू करतं, ते गोडी कशाला मागं ठेवेल? बाजारातलं गोड असतं ते नंतर गोड केलेलं.

शेंगचटणी | दुपारी ३.५२

भावा, मिरजेचा आहेस तर तंबोऱ्याच्या भोपळ्यातच आंबव की. बुडबुड सुरात येईल.

तासगावचा बेदाणा | १५ ऑक्टोबर, रात्री ९.१०

मिरजकरांनी मोजमाप सांगितलंच नाही, ते मी सांगतो. आमच्या द्राक्षपट्ट्यात प्रत्येक बागायतदाराच्या खिशात रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतोय. मणी काचेवर पिळायचा, उजेडाकडं धरून बघायचं. थॉम्सन, सोनाका असली खायची द्राक्षं १८-२० ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे साधारण शेकडा साखर) उतरवतो, वाइनची २२च्या पुढं नेतात. सफरचंदाचा रस १२च्या आसपास भरतो. म्हणजे दारू साधारण सहा-साडेसहा टक्के. त्यावर जास्त चढायला साखर घालावी लागते, आणि मग ते सायडर राहिलं का हा वेगळा वाद.

पण ध्यानात ठेवा, आंबायला लागल्यावर रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतो. दारू मिसळली की प्रकाश वेगळा वळतोय आणि आकडा फुगून येतो. त्याला हायड्रोमीटरच पाहिजे, रसात तरंगून घनता दाखवतो तो.

चहा साखर कमी | रात्री ९.३४

आमच्याकडं डेअरीचा लॅक्टोमीटर पडून आहे. तोही तरंगतोच. चालेल?

तासगावचा बेदाणा | रात्री ९.४५

बहुतेक लॅक्टोमीटरची पट्टी ४०ला संपते, म्हणजे घनता १.०४०. सफरचंदाचा रस सुरुवातीला १.०५०च्या आसपास असतोय. पट्टीच्या वरनं निघून जाईल. अर्धं आंबून झाल्यावर मात्र पट्टीवर येईल. आणि शेवटी डेअरीवाला म्हणंल, "दुधात नुसतं पाणीच आहे."

मुरलेली कैरी | १६ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

वरती कुणी पाकिटातल्या रसाचं विचारलं नाही, पण विचारणार, म्हणून आधीच. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. आयएनएस २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, दोन्ही रस टिकवायला घालतात. हे असेल तर यीस्ट वाढतच नाही. आमच्या ताईंनी केकसाठी यीस्ट तपासायला असला रस घेतला आणि यीस्टवाल्याशी भांडून आल्या.

अवांतर: बेदाणाभाऊ, त्या रसात मूठभर बेदाणा घालतात असं वाचलंय. आपल्याकडच्या बेदाण्याला गंधकाची धुरी असते ना? मग यीस्ट मरणार नाही का?

तासगावचा बेदाणा | सकाळी ११.५८

ताई, धुरी सगळ्याच मालाला नसते. पिवळा-हिरवा रंग पाहिजे त्याला देतात. त्याआधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. मण्यावर मेणाचा थर असतो, तो सैल झाला की आतलं पाणी लवकर सुटतं. नाहीतर शेडमध्ये महिना जाईल. मूठभर बेदाण्यातल्या गंधकानं पाच लिटरातलं यीस्ट काय मरत नाही, पण सुरुवातीला जरा बिचकतंय. धुवून घाला म्हणजे झालं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तो सायडरात घालायला नाही एवढंच म्हणतो.

आणि मूळ धागेकऱ्याला एक प्रश्न. द्राक्षाच्या जिल्ह्याला खेटून राहता, पलूसला सरकारनं वाइन पार्क काढला होता, आणि तुम्हाला हिमाचलचं सफरचंद आठवतंय?

यवतेश्वरचा वारा | दुपारी १.०२

द्राक्षाचा धंदा असलेला मामा द्या, द्राक्षाचं करतो.

पाटणची सून | १६ ऑक्टोबर, दुपारी ४.४४

बाटलीत भरायचा विषय आता निघेलच, तर आमच्या घरची गोष्ट सांगते. माझ्या दिरांनी कॉलेजात असताना आलं-लिंबू-साखर घालून जिंजर बीअर केली होती. दारू नाही हो, दोन दिवसांची फसफस. पण ते ती काचेच्या बाटल्यांत घट्ट बूच मारून दिवाणाखाली ठेवून विसरले. एप्रिल महिना. बाराव्या दिवशी रात्री अडीचला पहिली फुटली. मग दुसरी. मग लागोपाठ तीन.

आमच्या आजेसासूबाईंनी १९६७चा कोयनेचा भूकंप बघितलेला. ११ डिसेंबरची ती पहाट त्यांच्या अंगात अजून होती. पहिला धडाका झाला आणि त्या "भूकंप!" म्हणून ओरडत थेट अंगणात. मागून आम्ही. आमचा आरडाओरडा ऐकून समोरची आळी बाहेर. कोयनेजवळच्या हेळवाकला फोन लावून "तुमच्याकडं किती बसला?" असं विचारून झालं. वीस मिनिटांनी दीर बनियनवर बाहेर आले, पायाला काच लागलेली, अंगाला आल्याचा वास. आजी त्यांच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. भूकंप नव्हता याचाच त्यांना राग आला होता असं मला अजून वाटतं.

तेव्हा काच नको.

मिरजकर (सध्या हियरफर्ड) | रात्री ८.१५

पाटणच्या ताई, आजींना दंडवत. मुद्दा मात्र लाखमोलाचा आहे. फसफस हवी म्हणून लोक भरताना बाटलीत थोडी साखर घालतात. लिटरला सहा-सात ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चमचा. आधीचं आंबणं पूर्ण संपलं नसेल किंवा हात सैल सुटला, तर बाटलीचा बॉम्ब. नवख्यानं सोड्याची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. ती दाबून कळतं, दगडासारखी झाली की लगेच फ्रिजात.

साधा माणूस | १६ ऑक्टोबर, रात्री १०.३०

सगळे मजेत आहात, बरं वाटलं वाचून. माझा थोरला भाऊ दारूनं गेला. सुरुवात बिअरनंच होती, 'हलकं असतं' म्हणूनच. घरात पोरगं आहे, ते उद्या बुडबुड बघत बसणार. हौस म्हणून शंभर गोष्टी आहेत. धागा काढून टाका असं म्हणत नाही, पण हे लिहिल्याशिवाय झोप आली नसती.

मिरजकर (सध्या हियरफर्ड) | १७ ऑक्टोबर, पहाटे १.१०

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. यावर मी वाद घालणार नाही. माझ्याकडं दोन वर्षांपूर्वीच्या बाटल्या तशाच आहेत. मला करण्यात मजा येते, पिण्यात तेवढी नाही. पण प्रत्येकाचं तसं नसतं, हे मान्य.

सांगलीचा ऊन | १७ ऑक्टोबर, सकाळी ९.००

हवेबद्दल कुणीच बोलेना. साताऱ्याला थंडीत जमेल एकवेळ, सांगलीत विसरा. आमच्या एका मित्राच्या मित्रानं (वकीलसाहेब, ऐकीव आहे) मार्चमध्ये केलं होतं. रस तीन दिवसांत उकळल्यासारखा उसळला, वर चिलटांचा थवा, आणि चव नेलपॉलिश रिमूव्हरसारखी. पिंप ओल्या गोणपाटात गुंडाळून घंगाळात ठेवायचा, माठासारखा गार राहतो, असं त्याला नंतर कुणीतरी सांगितलं.

काळा कोट | सकाळी ९.२०

'मित्राचा मित्र' हा माझ्या अर्ध्या अशिलांचा जवळचा नातेवाईक आहे.

डोळ्यात पाणी | सकाळी १०.४०

सगळ्यात मोठा प्रश्न राहिला. मिथेनॉलनं आंधळं होत नाही का? पेपरात येतं ना?

मुरलेली कैरी | दुपारी १२.१५

फळ आंबवलं की त्यातल्या पेक्टिनमुळे (जॅम घट्ट होतो तो घटक) किंचित मिथेनॉल होतंच, वाइनमध्येही असतं, आणि तेवढ्यानं काही होत नाही. पेपरातल्या बातम्या बहुतेक गाळलेल्या दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याच्या असतात. सायडर गाळत नाहीत, म्हणजे भट्टीच नाही. म्हणून ते कायदेशीर ठरतं असा मात्र अर्थ काढू नका, वकीलसाहेब जागे आहेत.

पण मला मूळ धागेकऱ्याला वेगळंच सुचवायचंय. मी फूड टेक्नॉलॉजीवाली. तुमच्याकडं तीस किलो सफरचंद आहे, थंडी अजून आलेली नाही आणि कायदा आडवा आहे. तर व्हिनेगर करा. सायडर बिघडलं की व्हिनेगर होतं, आणि आपल्या हवेला बिघडवायला फार आवडतं. सायडरला हवा लागू द्यायची नाही, व्हिनेगरला हवाच लागते. रुंद तोंडाची काचेची बरणी, वर दुहेरी फडकं, त्याला रबरबँड, नाहीतर चिलटं आत. २५ ते ३० अंशात ॲसिटोबॅक्टर, म्हणजे व्हिनेगर करणारे जिवाणू, खूष असतात. तांब्या-पितळेचं किंवा लोखंडी भांडं नको, आम्ल ते खातं. वर जिलेटिनसारखी पांढरट साय धरते तिला 'मदर' म्हणतात. बघून किळस येईल, टाकू नका. हिरवी-काळी केसाळ बुरशी आली तर मात्र सगळं ओतून द्या.

काळा कोट | दुपारी १२.४०

व्हिनेगर होण्याआधी ते काही दिवस सायडर असतंच. त्या काही दिवसांबद्दल माझा अभिप्राय विचारू नका. फी पडेल.

लातूरची वेस | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

मिरजकर, जानेवारीत सफरचंदाच्या झाडाशी जाऊन गाणी म्हणतात आणि मुळाशी सायडर ओततात असं कुठंतरी ऐकलं. खरंय का?

मिरजकर (सध्या हियरफर्ड) | रात्री ९.०५

खरंय, त्याला वासेल म्हणतात. १७ जानेवारीच्या आसपास, जुन्या पंचांगाच्या हिशेबानं. झाडाच्या फांदीला सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट टांगतात आणि भांडी बडवतात, म्हणजे दुष्ट शक्ती पळतात आणि पुढच्या वर्षी बाग लदते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला थाळ्या बडवणाऱ्या गोऱ्यांमध्ये एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

लातूरची वेस | रात्री ९.३०

आमच्याकडं वेळा अमावस्येला शेतात आंबिल शिंपडतात. म्हणजे आंबवलेलंच. टोस्ट तेवढा नाही.

माणदेशी गडी | रात्री ९.४१

टोस्ट टांगला तर आमच्याकडं झाडाला फळ लागायच्या आधी माकडं लागतील.

शेंगचटणी | ३ नोव्हेंबर, रात्री ८.००

धागेकरी गायब. आत गेला की काय?

काळा कोट | ३ नोव्हेंबर, रात्री ८.२०

माझ्याकडे फोन आलेला नाही.

यवतेश्वरचा वारा | १९ जानेवारी, रात्री ९.५०

आहे, आहे. बाहेरच आहे. उशिराबद्दल माफी.

सगळ्यात आधी नोंद करून ठेवतो की माझा हेतू पहिल्या दिवसापासून व्हिनेगरचाच होता. वकीलसाहेबांनी वरचे प्रतिसाद वाचायची गरज नाही.

तीस किलोतलं बुरशीवालं पुन्हा निवडलं तर चोवीस उरलं. बायको, पोरगा आणि मी असा एक रविवार गेला. फोडी फ्रीझरमध्ये ठेवल्या तेव्हा आईच्या वर्षाच्या मटारच्या पिशव्या बाहेर निघाल्या, त्यावरून जे झालं ते इथं लिहीत नाही. पंचा दोनदा फाटला. साडेनऊ लिटर रस निघाला. बेदाणाभाऊंचं ऐकून एका ओळखीच्या बागायतदाराकडून रिफ्रॅक्टोमीटर आणला, ११.५ आला. दोन मोठ्या काचेच्या बरण्या, दुहेरी फडकं, जिन्याखाली. दहाव्या दिवशी जिन्यात पाय ठेवला की सफरचंदाचा आणि नवीन रंगाच्या डब्याचा असा काहीतरी मिळून वास यायचा. महिन्यानं एकीवर साय धरली. दुसरीवर काळी बुरशी आली, मागच्या दारी ओतून दिली. शेजारी तेव्हापासून पुन्हा दार उघडत नाहीत.

उरलेली बरणी गाळून चार बाटल्या भरल्या. आंबटपणा किती टक्के ते मोजलेलं नाही, म्हणून लोणच्यात घालत नाही, टिकवायच्या कामाचं नाही म्हणतात. पण परवा मटणाबरोबर कांदा त्यात अर्धा तास भिजवला. मामा जेवायला होते. त्यांनी कांदा तीनदा मागून घेतला आणि जाताना म्हणाले, "स्ट्रॉबेरीचं करतंय का असलं काही? पुढच्या आठवड्यात महाबळेश्वरचा माल येतोय, थोडा दबका असतो."

साधा माणूस दादा, तुमचा प्रतिसाद पोराला वाचून दाखवला.

मुरलेली कैरी | रात्री १०.०२

फोटो?

यवतेश्वरचा वारा | रात्री १०.०४

बाटल्यांना आईनं 'फरशी पुसायचं' अशी चिठ्ठी लावलीय. ती निघाली की टाकतो.